जुन्या पीसीवर कुठलं लिनक्स टाकायचं? आधी मशीन उघडून बघा

मामांकडे २००८ साली घेतलेला असेंबल्ड पीसी होता. पेंटियम ड्युअल कोर ई२१८०, जी३१ चा मदरबोर्ड, १ जीबी डीडीआर२ रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क आणि त्यावर अजून विंडोज एक्सपी, ज्याचा सपोर्ट एप्रिल २०१४ लाच संपलाय. दुकानात दाखवला तर भंगारात द्या म्हणाले. मामांना त्यावर मराठीत लिहायचं होतं, नाट्यगीतं ऐकायची होती आणि सकाळी पेपर वाचायचा होता, बास. तो पीसी आज रोज चालतोय, म्हणून म्हटलं काय काय केलं ते नीट लिहून ठेवावं.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टीम, तिचे बरेच प्रकार मिळतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. बहुतेक लोक पहिलं काय विचारतात तर सगळ्यात हलकं लिनक्स कुठलं. मग कोणीतरी टायनी कोअर सांगतं, ते हलकं आहेच, अख्खी सिस्टीम २५ एमबीच्या आत बसते, पण घरातल्या माणसाला ते वापरता येत नाही, प्रत्येक गोष्ट हाताने बसवावी लागते. आणि मुख्य म्हणजे रॅम खातो तो ब्राउझर. सिस्टीम २०० एमबीची घ्या नाहीतर ४०० ची, फायरफॉक्समधे दोन-तीन बातम्यांच्या साइट उघडल्या की तो एकटाच १ जीबीच्या आसपास जातो, आणि कुठलंही लिनक्स टाकलं तरी त्याचं हे वजन कमी होत नाही. म्हणून आधी हे ठरवा की या मशीनवर इंटरनेट लागणार आहे का नाही, पुढचं सगळं त्यावर आहे.

आता मशीन बघा. डेटा आधी पेनड्राइव्हवर काढून घ्या, फोटो तर नक्कीच. मग प्लग काढून कॅबिनेट उघडा, धूळ ब्रशने काढा, रॅम काढून तिच्या सोनेरी पिना खोडरबरने हलक्या हाताने घासा (चालूच होत नाही म्हणून टाकलेले कितीतरी पीसी एवढ्यावर चालू होतात), मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेत का ते बघा, फुगले असतील तर त्या बोर्डवर पैसे घालू नका. आणि तो गोल सेल, सीआर२०३२, तो बदलाच. सेल संपला की तारीख मागे जाते आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला सर्टिफिकेट चुकीचं आहे म्हणतो, लोक मग दोन-दोन दिवस लिनक्सला दोष देत बसतात.

नंतर प्रोसेसर ३२ बिट आहे का ६४, हे कळलं पाहिजे, कारण ६४ बिटचं लिनक्स ३२ वाल्यावर चालत नाही. एक्सपी ३२ बिट आहे म्हणजे मशीनही ३२ बिटच असं नसतं, इथे फार जण फसतात. कोअर २ ड्युओ आणि पेंटियम ड्युअल कोरचे ई२००० च्या पुढचे सगळे ६४ बिट चालवतात. सुरुवातीचे पेंटियम ४, पेंटियम एम, आणि २००८ च्या छोट्या नेटबुकमधला अॅटम एन२७० हे मात्र फक्त ३२. खात्री करायची तर कुठलंही लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं, पेनड्राइव्हवरून चालू करा (तो कसा बनवायचा ते पुढे आहे), टर्मिनलमधे, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एलएससीपीयू (lscpu) असं इंग्रजी छोट्या अक्षरात जोडून टाइप करा, वरच्या ओळींमधेच ३२ बिट, ६४ बिट असं दोन्ही लिहिलेलं दिसलं तर झालं काम.

६४ बिट निघालं तर खुशाल डेबियन १३ घ्या, इन्स्टॉल करताना डेस्कटॉप (स्क्रीनवरची मांडणी) कुठला ते विचारतो तिथे नोम या जड डेस्कटॉपची खूण काढून एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी या हलक्यांपैकी एकाला खूण करा. लुबंटूही चांगलं आहे, पहिल्यांदाच लिनक्स वापरणाऱ्याला इन्स्टॉल करायला ते सोपं जातं. मी मामांना डेबियन दिलं कारण ते पुढची काही वर्षं अपडेट घेत शांत पडून राहतं, मला सारखं जावं लागत नाही. रॅम २ जीबीच्या खाली असेल आणि वाढवता येत नसेल तर अँटिएक्स घ्या, ते डेबियनवरच बनलंय पण पूर्ण डेस्कटॉपऐवजी आईसडब्ल्यूएम नावाची फारच हलकी विंडो मॅनेजर (नुसत्या खिडक्या सांभाळणारी) वापरतं. दिसायला जुनाट वाटेल, तरी माझा जीव त्याच्यावर आहे, कारण ज्या मशीनवर बाकी काहीच धड चालत नाही तिथे हे चालतं.

३२ बिट निघालं तर मात्र खरं काय ते ऐका. डेबियन १३, जे ऑगस्ट २०२५ मधे आलं, त्यात ३२ बिट पीसीचा इन्स्टॉलरच नाही. लुबंटूने तर १८.०४ नंतरच्या एलटीएसमधे (बरीच वर्षं अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीत) ३२ बिट दिलंच नाही. क्रोम ३२ बिट लिनक्सवरून २०१६ मधेच गेलं, आणि फायरफॉक्स १४४ हे ३२ बिट लिनक्ससाठीचं शेवटचं, त्यानंतर फक्त ईएसआर १४० ला (फायरफॉक्सच्याच जास्त काळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीला) अपडेट, तेही सप्टेंबर २०२६ च्या आसपासपर्यंतच धरून चाला. तेव्हा अशा मशीनवर बँकेचं काम करू नका, मी कोणालाच करू देत नाही. पण लिहायला, गाणी ऐकायला, पोराला टायपिंग शिकवायला ते मस्त आहे, त्यासाठी डेबियन १२ वर बनलेलं अँटिएक्स २३ ची ३२ बिट आवृत्ती टाका. पेंटियम एमवाल्या लॅपटॉपवर बाकीचे डिस्ट्रो पीएई (प्रोसेसरमधली एक सोय) नाही म्हणून अडतात, तिथेही हे चालतं. पेंटियम ३ असेल तर त्यात फायरफॉक्सला लागणारी एसएसई२ ही सोय नाही, फायरफॉक्स उघडणारच नाही, तिथे डिलो किंवा नेटसर्फसारखा छोटा ब्राउझर, म्हणजे साधी पानं तेवढी दिसतील.

हार्ड डिस्कच मेली असेल तर पपी लिनक्स. ते पेनड्राइव्हवरून चालू होऊन अख्खं रॅममधे बसतं, डिस्क लागतच नाही, बंद करताना फाइली पेनड्राइव्हवर सेव्ह करतं. फक्त ते डिफॉल्टला रूट म्हणूनच, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरनेच, चालतं हे माहीत असू द्या.

पैसे घालायचेच असतील तर रॅम आणि एसएसडीवर (हार्ड डिस्कच्या जागी लागणाऱ्या वेगवान डिस्कवर) घाला. जी३१ बोर्डवर ४ जीबीपर्यंत रॅम चालते, २-२ च्या दोन पट्ट्या, जुन्या डीडीआर२ पट्ट्या मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारून बघा, घेताना तिथेच लावून दाखवा म्हणा. १२० जीबीची साधी साटा एसएसडी लावल्यावर जो फरक पडला तो कुठलंही डिस्ट्रो बदलून पडला नसता, मामा म्हणाले नवीनच आणलास की काय. जुन्या आयडीई केबलवाल्या (रुंद पट्टीच्या केबलच्या) बोर्डवर बऱ्याचदा साटाची पिनच नसते, ते आधी बघा. आणि रॅम कमीच राहणार असेल तर लिनक्समधली झेडरॅम ही सोय चालू करा, त्याने सध्या न लागणारा डेटा रॅममधेच दाबून ठेवला जातो, तो डिस्कवर टाकत (स्वॅप करत) घरघर होत नाही.

लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवायला विंडोजवरचा रूफस हा प्रोग्राम वापरा, त्यात एमबीआर आणि बायोस हे पर्याय निवडा. जुन्या बायोसमधे (पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधे) बूटच्या यादीत पेनड्राइव्ह दिसत नाही म्हणून लोक हात टेकतात, पण तो बऱ्याचदा हार्ड डिस्कच्या यादीत आत लपलेला असतो, तिथे जाऊन त्याला वर न्या. तरीही नाही झालं तर डीव्हीडी राइट करून तिच्यावरून चालू करा. आणि लगेच इन्स्टॉल करू नका, लाइव्हमधे तासभर वापरून आवाज येतो का, वायफाय पकडतं का, प्रिंटर दिसतो का ते बघा.

शेवटचं मराठीचं. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर घाबरू नका, सिनॅप्टिक या प्रोग्राम बसवायच्या सोयीतून फॉन्ट्स-देवा (fonts-deva) नावाचं पॅकेज टाका. एक्सएफसीईत कीबोर्ड सेटिंगच्या लेआउटमधे जाऊन सिस्टीम डिफॉल्टची खूण काढा, इंडियन अॅड करा आणि बदलायला ऑल्ट-शिफ्ट ठेवा, इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड, मिळतो. इंग्रजी अक्षरांवरून मराठी टाइप करायची सवय असेल तर आयबस (टायपिंगची पद्धत बदलणारा प्रोग्राम) आणि त्याचं एम१७एन टाका, त्यात मराठी फोनेटिक आहे. मामांनी इनस्क्रिप्टच निवडला, पहिले आठ दिवस कीबोर्डला कागद चिकटवून ठेवला होता, आता तो काढलाय.