ओट्याच्या हलणाऱ्या पायऱ्या: माझा अनुभव
अमळनेरच्या आमच्या घराच्या ओट्याला तीन दगडी पायऱ्या. मधली इतकी डगडगायची की आजी काठी टेकूनही उतरायला घाबरायची. दोनदा वरून सिमेंट भरलं, दोन्हीदा पावसाळ्यानंतर फट पडली. खोट दगडात नव्हतीच. खाली आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते.

यंदा पहारीने दगडच उचलले. मधल्याखाली हात घातला तर कोपरापर्यंत पोकळी! फूटभर माती काढून मुरूम भरला, थराथराने पाणी मारून धुमसाने चोपला. खरं काम हेच, इथे घाई अजिबात करू नका. मग एकास चार सिमेंट-वाळूचा माल, दगड ओले करून बसवले, बाहेरच्या बाजूला किंचित उतार. ७ दिवस ओलं गोणपाट. पन्हाळीचं पाणीही लांब वळवलं. काल आजी एकटी उतरून तुळशीला पाणी घालून आली.