‘नाटकं करते’ म्हणू नका: कुत्र्याला घेऊन धावताना या चुका टाळा

आमची ठमी गावठी आहे, चार वर्षांची. घरात सगळ्यांत जास्त तीच बोलते आणि तेही तोंड न उघडता. कान, भुवया, शेपूट, उसासे. सोसायटीत तिच्या अभिनयाचं इतकं कौतुक झालं की मी तिचं काहीच खरं मानेनासा झालो. सगळ्यांत मोठी चूक हीच.

एप्रिलमधली सकाळ होती, साडेआठ वाजून गेलेले. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या कडेनं आमची तिसरी फेरी चालली होती. ठमीनं मध्येच बसकण मारली. घड्याळात माझा वेग घसरत होता, म्हणून मी खेकसलो, “ऊठ, नाटकं पुरेत.” बाकावरचे एक आजोबा म्हणाले, “अहो, तिची जीभ बघा आधी.” जीभ नेहमीपेक्षा लांब लोंबत होती, टोकाला पसरट, रंगानं गडद लाल. लाळ चिकट झालेली. ही ऊन लागण्याची सुरुवात असते. सावलीत नेऊन पोटावर, जांघेत, पंजांवर बाटलीभर पाणी ओतलं, तेव्हा कुठे ती सावरली.

कुत्र्याचं शरीर मुळातच आपल्यापेक्षा गरम, साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. त्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, आणि तेवढ्यानं काही भागत नाही. सगळी भिस्त धापा टाकण्यावर. जिभेवरचा ओलावा उडाला तरच अंग निवतं. ठाण्याच्या दमट हवेत आपला शर्ट जसा वाळत नाही, तशी त्याची धापही वाया जाते. त्यामुळे हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघायची युक्ती पंजे भाजू नयेत म्हणून ठीक आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. पहाटे रस्ता गार असतो आणि हवा मात्र चिंब. जिभेकडे बघा. कुत्रं मागे रेंगाळायला लागलं की चालत घरी. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना पळवूच नका, आणि वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या पिल्लांना लांब धावायला नेऊ नका, हाडं वाढत असतात. कुत्रं झोकांड्या खायला लागलं किंवा उलटी केली, तर आधी पाण्यानं गार करायला लागा आणि ओलं ठेवतच डॉक्टरकडे न्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. पट्टा मनगटाला गुंडाळू नका; मांजर दिसलं आणि मी पोखरण रोडवर आडवा झालो. जेवण झाल्याझाल्या पळवू नका. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस आजाराची) लस दरवर्षी द्या आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. येऊरच्या जंगलात तर कुत्रं नेऊच नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि तिथल्या बिबट्यांना कुत्रं म्हणजे खाद्य.

चेहरा वाचतानाही फसगत होते. शेपूट हलते म्हणजे खूश, असं नाही. अंग ताठ आणि शेपूट उंच असेल तर अनोळखी कुत्र्याजवळ नेऊ नका. झोप नसताना जांभया, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं ‘मला इथून ने’ असं सांगणं असतं. आणि तो सुप्रसिद्ध अपराधी चेहरा! न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या, कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोवित्झ यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की तो गुन्ह्यामुळे होत नाही, मालक रागावला की होतो. उलट काहीच न केलेल्या कुत्र्यांना रागावलं, तेव्हा तो जास्त दिसला. चप्पल कोणी कुरतडली याचा पुरावा म्हणून तो चालणार नाही.

चपला कुरतडल्या जातात त्या बहुधा मी रात्री वेबसाइटशी खेळत बसतो तेव्हा. ठमीच्या धावण्याची नोंद ठेवायला मी ती केली. तिथली माझी चूक म्हणजे बॅकअप न घेता चालू साइटवरच बदल करणं, तेही एकदम पाच. बिघडलं तर नेमकं कशानं, ते कळत नाही. एकदा शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं आणि ‘ठमी’ची शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी झाली. देवनागरीत ते शून्यच ठेवा. आणि बदल करूनही जुनंच दिसत असेल तर कोड पुन्हा लिहीत बसू नका, आधी ब्राउझरचा कॅशे, म्हणजे त्यानं साठवलेली पानाची जुनी प्रत, रिकामा करा. माझा एक रविवार त्यात गेला.

ठमीचं ऐकायला शिकलो, पण स्वतःची नडगी महिनाभर ठणकत होती तिला मात्र मी ‘नाटकं’च म्हणत राहिलो. आता डॉक्टरांनी दोन आठवडे पळणं बंद केलंय. ठमी पहाटे साडेपाचला पट्टा तोंडात धरून दाराशी उभी राहते, आणि तिला हे कसं सांगायचं ते मला येत नाही.