उंची कमी, खेळ भारी: असा लाइनमन ड्राफ्टमध्ये घ्यावा का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू पारखण्याच्या कामात शिरायचं असेल, तर एक प्रश्न लवकरच तुमच्या टेबलावर येतो. कॉलेजमध्ये समोरच्यांना सळो की पळो करून सोडणारा, पण त्या जागेच्या मानाने अंगाने लहान असा डिफेन्सिव्ह लाइनमन (बचावात सगळ्यात पुढच्या रांगेत उभा राहणारा खेळाडू) ड्राफ्टमध्ये (जिथे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात) घ्यावा का? घ्यावा तर कितव्या फेरीत? मी नाशिकहून सांख्यिकी शिकायला अमेरिकेत आले, विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या व्हिडिओ रूममध्ये कामाला लागले आणि पुढे याच क्षेत्रात राहिले. या एका प्रश्नाने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच कोर्सने शिकवलं नाही. या वाटेला येणाऱ्या मराठी मुलामुलींचं काम थोडं सोपं व्हावं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी लहान म्हणजे किती ते बघू. एनएफएल या इथल्या व्यावसायिक लीगमधला गार्ड (चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या रांगेत उभा राहून बचावपटूंना अडवणारा) साधारण 6 फूट 4 इंच उंच आणि 310 ते 320 पौंड, म्हणजे 140 ते 145 किलो वजनाचा असतो. त्याच्यासमोर, बचावाच्या रांगेत मध्यभागी उभा राहणारा डिफेन्सिव्ह टॅकल 300 पौंडांच्या पुढचा असावा, ही जुनी अपेक्षा आहे. कुस्तीत वजनगट असतात. इथे 130 किलोच्या माणसाला 145 किलोच्या दोघांनी मिळून मागे रेटलं तरी ते नियमात बसतं. त्यामुळे स्काउट मंडळी उंची-वजनावर अडतात तेव्हा त्यांना जुनाट म्हणून मोडीत काढू नका. त्यांची भीती रास्त आहे. ती या खेळाडूला किती लागू पडते, हे तपासणं तुमचं काम.

या विषयात पहिलं नाव निघतं ते एरन डोनाल्डचं. पिट्सबर्ग विद्यापीठाचा हा डिफेन्सिव्ह टॅकल उंचीला 6 फूट 1 इंचालाही जरा कमीच आणि वजनाला 285 पौंड. 2013 च्या मोसमात त्याने 11 सॅक केले (म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकायच्या आधीच पाडलं), प्रतिस्पर्ध्यांना डाव सुरू होतो त्या रेषेच्या मागे पाडणारे 28.5 टॅकल केले आणि नागुर्स्की, आउटलँड, लोम्बार्डी, बेडनारिक हे बचावपटू आणि लाइनमन यांना मिळणारे मोठे पुरस्कार एकाच वर्षी घरी नेले. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत, 40 यार्ड 4.68 सेकंदांत धावला आणि 225 पौंडांचा बार 35 वेळा उचलला. इतकं सगळं असूनही 2014 च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव यायला तेरावा क्रमांक उजाडला.

सेंट लुइस रॅम्सने त्याला घेतलं. त्याच संध्याकाळी त्याच संघाने दुसऱ्या क्रमांकावर ऑबर्नचा ग्रेग रॉबिन्सन घेतला होता. तो ऑफेन्सिव्ह टॅकल, 6 फूट 5 इंच, 332 पौंड. मापाच्या हिशेबात स्वप्नवत. रॉबिन्सनला रॅम्सने 2017 मध्ये सहाव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डेट्रॉइटला देऊन टाकलं. डोनाल्ड दहा मोसम खेळला, दहाही वर्षं प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्याला निवडला गेला, 2017, 2018 आणि 2020 मध्ये वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि 111 सॅकवर 2024 मध्ये निवृत्त झाला. एकाच संघाने, एकाच दिवशी, एकाच माहितीवर केलेल्या या दोन निवडी मी नव्या मुलांना शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावते.

पण इथे सांख्यिकीच्या विद्यार्थ्याने सावध व्हायला हवं. डोनाल्ड यशस्वी झाला म्हणून आपल्याला तो आठवतो. अंगाने लहान आणि कॉलेजात भारी असलेले, पण पुढे न चमकलेले खेळाडू कुणी आठवत नाही, आणि मग प्रत्येक नव्या मुलावर "हा पुढचा डोनाल्ड" अशी चिठ्ठी लागते. त्याच 2014 च्या ड्राफ्टमधला ॲरिझोना स्टेटचा विल सटन घ्या. हाही 6 फुटांच्या आसपासचा डिफेन्सिव्ह टॅकल. 2012 आणि 2013 अशी दोन वर्षं लागोपाठ पॅक-12 विभागातला सर्वोत्तम बचावपटू. 2012 मध्ये त्याने 13 सॅक केले होते. एनएफएलला मोठं अंग लागतं म्हणून 2013 मध्ये वजन वाढवून उतरला आणि सॅक 4 वर आले. शिकागो बेअर्सने तिसऱ्या फेरीत घेतलं, तीन मोसम खेळवलं, पण कॉलेजमधला सटन तिथे कधी दिसला नाही.

मला सटनची फाइल डोनाल्डच्या फाइलइतकीच महत्त्वाची वाटते. चपळाईवर जगणाऱ्या खेळाडूवर पंधरा-वीस पौंड चढवले की त्याचं हत्यारच बोथट होतं आणि मोठ्या माणसांची ताकद काही त्याला मिळत नाही. "वजन वाढवलं की झालं" असं वाक्य तुमच्या अहवालात लिहायची वेळ आली, तर थांबा आणि विचारा: आहे त्या वजनावर हा खेळाडू आपल्याला चालणार आहे का? नसेल तर तो तुमच्या संघासाठी नाही. डोनाल्ड निवृत्तीपर्यंत 280 च्या घरातच राहिला.

मग बघायचं काय? माझ्या मते वर्चस्वाचं कारण. सॅकची संख्या हा निकाल झाला. तो कशातून आला आणि ते कारण वरच्या पातळीवर टिकेल का, हे चित्रफितीतूनच कळतं. चेंडू हलल्या क्षणी पहिलं पाऊल कोणाचं पडतं, त्याचं की गार्डचं? ही गोष्ट वरच्या पातळीवरही शाबूत राहते. हात कुठे जातात, समोरच्याच्या छातीवर आधी पोचतात का, आणि पहिला डाव फसला तर दुसरा तयार असतो का? हेही टिकतं. पण समोरचा गार्ड दुबळा होता म्हणून नुसत्या जोरावर त्याला मागे रेटलं असेल, तर ते तिथेच संपतं, कारण एनएफएलमध्ये दुबळा गार्ड नसतो.

कमी उंचीचा एक खरा फायदाही आहे. लाइनवर ज्याचे खांदे खाली त्याचा जोर वरचढ. 6 फूट 4 इंचाच्या माणसाला प्रत्येक डावाला गुडघे वाकवून जिथे यावं लागतं, तिथे 6 फूट 1 इंचाचा माणूस जवळपास उभ्या उभ्याच असतो.

उंचीपेक्षा हाताची लांबी जास्त बोलते, हे मात्र नव्या माणसाच्या लक्षात उशिरा येतं. डोनाल्ड बुटका होता, पण त्याचे हात 32 आणि पाच अष्टमांश इंच होते, म्हणजे त्या उंचीला चांगलेच लांब. पिट्सबर्गचाच कालायजा कॅन्सी 2023 मध्ये आला तेव्हा तुलना व्हायचीच होती: तेच कॉलेज, तीच जागा, 6 फूट 1 इंच, 281 पौंड, 40 यार्ड 4.67 सेकंदांत. हात मात्र 30 आणि पाच अष्टमांश. ते दोन इंच म्हणजे गार्डने आधी तुम्हाला धरायचं की तुम्ही त्याला, एवढा फरक. टँपा बेने त्याला एकोणिसाव्या क्रमांकावर घेतलं. 2024 मध्ये त्याने साडेसात सॅक केले. म्हणजे निवड वाया गेलेली नाही. पण त्याच्याकडून डोनाल्डची अपेक्षा धरणं हे मापं न वाचण्यासारखं आहे. ह्यूस्टनचा एड ऑलिव्हर 2019 मध्ये नवव्या क्रमांकावर बफेलोकडे गेला, तोही तसाच: उत्तम, उपयुक्त, डोनाल्ड नव्हे.

त्यानंतर जागा. नव्या माणसाचा अहवाल बहुतेक इथेच कच्चा राहतो. "डिफेन्सिव्ह लाइनमन" ही एक जागा नव्हे. चेंडू मागे देऊन डाव सुरू करणाऱ्या सेंटरच्या बरोबर समोर उभा राहणारा नोज टॅकल दोघांचा भार अंगावर घेतो, तिथे वजन हवंच. गार्डच्या बाहेरच्या खांद्यासमोर उभ्या राहणाऱ्याला थ्री-टेक्निक म्हणतात. त्याला समोरच्या दोन खेळाडूंमधली एकच फट राखायची असते आणि आत घुसायचं असतं. बुटका, चपळ माणूस इथे सोनं करतो. ज्या संघाचा प्रशिक्षक लाइनमनकडून दोन-दोन फटी सांभाळायची अपेक्षा करतो, त्या संघाने असा खेळाडू पहिल्या फेरीत घेऊ नये, मग तो कितीही भारी असो. शिवाय आता खेळ पासकडे, म्हणजे चेंडू फेकून पुढे जाण्याकडे झुकला आहे, बरेचसे डाव पाच किंवा अधिक मागच्या बचावपटूंसह खेळले जातात. क्वार्टरबॅकवर मधून चालून जाणारा माणूस पूर्वीपेक्षा महाग झाला आहे तो यामुळेच.

चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवताना लहान माणूस उघडा पडतो, हा आक्षेप तुम्ही ऐकालच. त्यासाठी 13 फेब्रुवारी 2022 चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना काढून सिनसिनाटीचे शेवटचे दोन डाव बघा. रॅम्स 23, सिनसिनाटी 20. तिसरा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), एक यार्ड हवा. सिनसिनाटीने चेंडू घेऊन धावायला तो समाजे पेराइन या खेळाडूच्या हाती दिला आणि डोनाल्डने त्याला रेषेवरच धरून ठेवलं. लगेच चौथा डाऊन, पुन्हा एकच यार्ड. या वेळी पास. डोनाल्ड गार्डच्या बाजूने सुटला, सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो याच्या कमरेला पकडून त्याला गरगर फिरवलं, आणि बरोने पडता पडता फेकलेला चेंडू जमिनीवर गेला. सामना तिथेच संपल्यात जमा झाला. हे दोन डाव सलग, हळू गतीने, फक्त डोनाल्डच्या पायांकडे बघत पाहा. एका डावात तो थांबतो, दुसऱ्यात सुटतो. ताकद दोन्हीकडे आहे, पण निर्णय निराळा आहे.

आता किमतीचं. ड्राफ्टमध्ये "घ्यावा का" हा प्रश्न कधीच एकटा नसतो, "कुठे घ्यावा" हा त्याच्या पाठीला असतो. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2011 च्या करारानंतर नवख्याचा पगार निवडीच्या क्रमांकावर जवळपास ठरलेला आहे, त्यामुळे जोखीम रुपया-पैशात मांडता येते. माप कमी म्हणून संपूर्ण लीग मागे सरकते तेव्हा फायदा खालच्या फेऱ्यांत असतो. जॉर्जियाचा जीनो ॲटकिन्स 2010 मध्ये चौथ्या फेरीत गेला आणि सिनसिनाटीसाठी 75.5 सॅक करून गेला. क्लेम्सनचा ग्रेडी जॅरेट 2015 मध्ये पाचव्या फेरीपर्यंत उरला होता. दोन वर्षांत त्याने एका सुपर बोलमध्ये तीन सॅक करून विक्रमाशी बरोबरी केली. जॉन रँडलला तर 1990 मध्ये कुणीच निवडलं नाही. वजन जास्त भरावं म्हणून त्याने कपड्यांखाली साखळी बांधली होती, असं तो स्वतःच सांगतो. तो 137.5 सॅक करून 2010 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

माझं मत विचाराल तर असं: पहिलं पाऊल, लांब हात आणि तगड्या गार्डविरुद्धचा पुरावा, या तिन्ही गोष्टी असतील आणि संघ एका फटीची पद्धत खेळत असेल, तर पहिल्या फेरीत बिनधास्त घ्या. हात आखूड असतील तर पहिल्या फेरीच्या उत्तरार्धापर्यंत थांबा. तगड्या गार्डविरुद्धचा पुरावाच नसेल तर तिसऱ्या-चौथ्या फेरीआधी नको.

हा पुरावा गोळा करायची माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक डावाला एक ओळ: डाऊन आणि अंतर, खेळाडू कुठल्या खांद्यासमोर उभा, समोर एक की दोघे, आणि निकाल. निकालाच्या रकान्यात फक्त सॅक लिहू नका. गार्डला मागे सारलं, क्वार्टरबॅकला जागा सोडायला लावली, हेही लिहा. समोरचा गार्ड पुढे स्वतः एनएफएलमध्ये गेला असेल तर ती ओळ वेगळ्या रंगात. चौथ्या क्वार्टरच्या ओळी वेगळ्या काढा, कारण लहान अंगाचा माणूस दिवसभर दोघांशी झुंजून तिथे थकतो का, ते तिथेच दिसतं. अलाबामातल्या मोबील शहरात जानेवारीच्या सुमारास होणाऱ्या सीनियर बोल या ड्राफ्टला निघालेल्या कॉलेज खेळाडूंच्या सामन्याचे एकास-एक सराव आवर्जून बघा. डोनाल्डने 2014 मध्ये तिथे गार्ड लोकांची जी त्रेधा उडवली, ती बघून बऱ्याच जणांनी आपले अहवाल पुन्हा लिहायला घेतले असतील.

कामाची दारं कशी उघडतात, तेही सांगते. विद्यार्थ्यांच्या एफ-1 व्हिसावर सत्र चालू असताना आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं, आणि व्हिडिओ रूम किंवा भरती विभागातलं विद्यार्थ्यांचं काम हे आवारातलंच. तिथे चित्रफिती कापणं, डावांना खुणा लावणं असं किचकट काम मिळतं. ते मन लावून करा, कारण शेकडो डावांवर खुणा लावल्याशिवाय डोळा तयार होत नाही. आवाराबाहेरची इंटर्नशिप सीपीटीतून (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळणारी कामाची परवानगी), पदवीनंतर ओपीटीचे (विषयाशी संबंधित कामाच्या परवानगीचे) 12 महिने आणि सांख्यिकी किंवा संगणकासारख्या विषयाला पुढचे 24. संघासाठी "फुकट मदत" करायची संधी आली तरी आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्या. बिनपगारी काम म्हणजे परवानगी नको, असं धरून चालू नका.

आणि अमेरिकेत यायच्या आधीपासून सुरुवात करता येते. एनएफएलच्या प्रत्येक डावाची नोंद एनएफएलव्हर्स या मोफत संचात मिळते, आर किंवा पायथन येत असलं की पुरे. एनएफएलची बिग डेटा बोल ही आकडेवारीच्या विश्लेषणाची स्पर्धा कॅगल या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली असते. 2020 ची स्पर्धा ऑस्ट्रियातल्या दोघांनी जिंकली. 2023 चा विषय नेमका आपला होता: पास डावात लाइनमनचं मूल्यमापन, खांद्याच्या पॅडमधल्या चिपने सेकंदाला दहा वेळा टिपलेल्या जागांवरून. त्या वर्षीच्या स्पर्धकांनी मांडलेलं काम वाचा, मग एखादा 285 पौंडांचा खेळाडू निवडून त्याच्यावर दोन पानी अहवाल लिहा, आणि शेवटच्या ओळीत फेरीचा आकडा टाका.