अ‍ॅक्सेसच्या रिपोर्टमध्ये सारख्या रकमा रंगवण्याआधी

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये पुरवठादारांच्या बिलांचा रिपोर्ट आहे. एकाच पुरवठादाराची पैशापर्यंत सारखी बिलं लाल आणि रुपयाच्या आत फरक असलेली पिवळी दिसली पाहिजेत, म्हणजे दोनदा चढलेलं बिल ऑडिटच्या आधीच सापडेल. फाइलची कॉपी काढा, हे सांगायला नको. रकमेचं फील्ड टेक्स्ट नाही ना, ते टेबलाच्या डिझाइनमध्ये पाहा. टेक्स्ट असेल तर ९ हा १० पेक्षा मोठा ठरतो.

आता सहज राहून जाणारी गोष्ट: रक्कम क्वेरीतच, म्हणजे टेबलातून रिपोर्टला माहिती काढून देणाऱ्या मागणीतच, दोन दशांशांपर्यंत राउंड करा. रिपोर्टच्या टेक्स्ट बॉक्सला दोन दशांशांचं फॉरमॅट दिलंय म्हणून गप्प बसू नका. फॉरमॅटने फक्त दिसणं बदलतं, आतली रक्कम तीच राहते. ३७.६५ किलो गुणिले ३३.३३ रुपये म्हणजे १२५४.८७४५. करन्सी फील्डमध्ये चार दशांश राहतात, त्यामुळे ही रक्कम तशीच्या तशी साठते. दुसऱ्यांदा तेच बिल कुणी हाताने १२५४.८७ असं भरलं, तर कागदावर दोन्ही हुबेहूब दिसतात, पण अ‍ॅक्सेसच्या लेखी वेगळीच. मग लाल व्हायचं बिल पिवळं होतं आणि तपासणारा ‘जवळपास आहे’ म्हणून सोडून देतो. म्हणून राउंड, आणि तेही क्वेरीत. राउंड बरोबर अर्ध्यावरची रक्कम सम अंकाकडे नेतो, ०.१२५ चे ०.१२ होतात. तेवढ्यासाठी पिवळी बिलंही वाचा.

रिकाम्या रकमा गाळून टाका. त्यांना शून्य करू नका, नाहीतर सगळी शून्यं एकमेकांसारखी ठरून अर्धा रिपोर्ट लाल होईल.

मोजणीही क्वेरीतच. प्रत्येक ओळीला डी-काउंट (नोंदी मोजणारं फंक्शन) लावला तर रिपोर्ट रांगतो. सारख्या रकमांसाठी पुरवठादार आणि राउंड केलेली (हो, राउंड केलेली!) रक्कम यांवर ग्रुप करून संख्या घ्या. जवळच्या रकमांसाठी टेबल स्वतःशीच जोडा: पुरवठादार एकच, बिलाचा आयडी वेगळा, फरक अ‍ॅब्समध्ये (उणे चिन्ह काढणारं फंक्शन) घालून १ किंवा कमी. इथे पूर्ण रुपयात राउंड करून गट पाडायचा मोह टाळा. १२५४.४९ आणि १२५४.५१ मध्ये दोनच पैशांचा फरक, पण गट दोन होतात. फरकाची अट जॉइनमध्ये लिहिलीत तर डिझाइन व्ह्यू ती दाखवू शकत नाही, एसक्यूएल व्ह्यूमध्येच, म्हणजे क्वेरी मजकुरात दिसते तिथे, लिहा.

दोन्ही मोजण्यांची फील्डं रिपोर्टवर टेक्स्ट बॉक्स म्हणून ठेवा आणि व्हिजिबल ‘नो’ करा. नुसती क्वेरीत असून भागत नाही, कंट्रोल नसेल तर रिपोर्टला फील्ड सापडेलच असं नाही.

रंगांचे नियम कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये (अटीप्रमाणे रंग देणारी सोय) ‘एक्स्प्रेशन इज’ने लिहा. लाल आधी, पिवळा नंतर, कारण पहिला खरा ठरलेला नियमच लागतो. अ‍ॅक्सेस २००७ मध्ये तीनच नियम बसतात, २०१० पासून ५०. इथे दोन पुरतात.

कॉपीत खोटी बिलं घाला: एक जोडी अगदी सारखी, एक पन्नास पैशांच्या फरकाची, एक दोन रुपयांच्या फरकाची, आणि एक जोडी अशी की एक रक्कम चार दशांशांची (१२५४.८७४५) आणि दुसरी दोन दशांशांची (१२५४.८७). शेवटची लाल झाली नाही तर राउंड राहिलंय, मागे जा.

प्रिंटर काळा-पांढरा असेल तर लाल बिलांना बोल्ड आणि पिवळ्यांना अधोरेखन द्या. खोटी बिलं काढा, मग छापा.