उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून

लांबच्या प्रवासाला निघताना गाडीची किल्ली शेजाऱ्याकडे किंवा वॉचमनकडे द्यायची आणि "आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करा" असं सांगायचं, ही सर्रास पद्धत आहे. तिने बॅटरी वाचत नाही. का, ते हिशेब मांडला की कळतं.

लॉक करून ठेवलेली गाडीही वीज खातच असते. अलार्म, रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर, घड्याळ, इंजिनाच्या कॉम्प्युटरची मेमरी हे सगळं बॅटरीवरच चालतं. ठणठणीत गाडीत हा प्रवाह साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ३० धरले तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासापेक्षा किंचित कमी, आठवड्याला पाच. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते आणि ती अर्ध्यावर आली की सेल्फचा भरवसा उरत नाही. म्हणजे पूर्ण चार्ज असलेली बॅटरीसुद्धा तीन-साडेतीन आठवड्यांत धोक्याच्या रेषेवर येते. शिवाय बॅटरी आतल्या आतही महिन्याला काही टक्के उतरते, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीला हे चांगलंच भोवतं.

आता ती पाच मिनिटं. जागेवर इंजिन चालू असताना बॅटरीत १०-१५ अँपिअर गेले, तरी पाच मिनिटांत भर पडते जेमतेम एक अँपिअर-तासाची. गेले पाच, आला एक. त्यात दार उघडताच झोपलेले सगळे कॉम्प्युटर जागे होतात आणि लॉक केल्यावरही बराच वेळ जास्त वीज खातात. इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. किल्ली द्यायचीच असेल तर दर आठ-दहा दिवसांनी ३०-४० मिनिटं रस्त्यावर गाडी फिरवणाऱ्याला द्या, आणि एसी बंद ठेवायला सांगा.

गाडी किती दिवस उभी राहणार, यावर उपाय ठरतो. दोन आठवड्यांपर्यंत निरोगी बॅटरीला काहीच करावं लागत नाही. फक्त वरून जोडलेल्या वस्तू काढा: पार्किंग मोडवर चालणारा डॅशकॅम, ओबीडी पोर्टमध्ये (मेकॅनिक गाडीतले दोष वाचायला वापरतो त्या सॉकेटमध्ये) खोचलेलं यंत्र, मोबाइल चार्जर. जीपीएस ट्रॅकर काढता येत नसेल तर त्याचा खर्च हिशेबात धरा. फास्टॅगची मात्र काळजी नको, त्याला गाडीची वीज लागतच नाही. चावी जवळ आली की उघडणारी गाडी असेल तर चावी गाडीपासून लांब ठेवा. भिंतीपलीकडेच गाडी आणि अलीकडे खुंटीला चावी असेल, तर काही गाड्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात.

दोन आठवड्यांहून जास्त काळासाठी निगेटिव्ह टर्मिनल काढणं हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय. पण अर्धवट चार्ज बॅटरी सुटी करून ठेवण्यात अर्थ नाही. रोज चार किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्या गाडीची बॅटरी सहसा पूर्ण भरलेली नसते. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० च्या खाली म्हणजे उतरलेलीच. १२.५ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर लावा. मग पुढचं काम:

१. काचा वर करा, बूटमधलं (डिकीतलं) लागणारं सामान आणि जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायची वायर) बाहेर काढा. बऱ्याच गाड्यांचा बूट विजेवर उघडतो, बॅटरी सुटल्यावर तो उघडणार नाही.
२. दार साध्या किल्लीने उघडतं का ते आत्ताच बघा. स्मार्ट चावीच्या पोटात धातूची किल्ली असते.
३. इग्निशन बंद करून १५-२० मिनिटं थांबा.
४. १० नंबरच्या पान्याने निगेटिव्हचा नट सैल करा, केबल उचला आणि परत टेकणार नाही अशी कापडात गुंडाळून बाजूला करा.

निगेटिव्हच आधी का? पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, पाना लाल होईपर्यंत तापू शकतो. निगेटिव्ह सुटलेली असली की तो धोका राहत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि ब्रशने घासा, कोरडं करा आणि व्हॅसलीनचा हात फिरवा. बॅटरी परत जोडल्यावर घड्याळ लावावं लागतं, एका बटनाने वरखाली होणाऱ्या काचांना पुन्हा शिकवावं लागतं, काही रेडिओ कोड मागतात. तो कोड निघण्याआधी शोधून ठेवा. गिअरचा दांडा इलेक्ट्रॉनिक असेल तर वीज नसताना गाडी पार्क (P) गिअरमधून निघत नाही, मग सोसायटीला ती हलवता येणार नाही.

पार्किंगमध्ये प्लग मिळत असेल तर आमची पसंती मेंटेनर चार्जरला. तो बॅटरी भरली की स्वतःच व्होल्टेज खाली आणतो, म्हणून महिनोन्‌महिने लावून ठेवता येतो. गॅरेजमधला जुना साधा चार्जर असा लावून ठेवू नका, बॅटरी भरल्यावरही तो प्रवाह ढकलत राहतो आणि आतलं पाणी उडतं. स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय) असलेल्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम या खास प्रकारची बॅटरी असते. चार्जरवर तोच मोड निवडा, आणि काळा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाऐवजी (टर्मिनलऐवजी) बॉडीच्या अर्थ बिंदूला लावा. खांबावर बसवलेला सेन्सर वगळला गेला तर गाडीला चार्जिंग झाल्याचं कळतच नाही. सोलर पॅनेल सिगारेट सॉकेटमध्ये लावणारे फसतात, कारण अनेक गाड्यांत इग्निशन बंद झालं की तो सॉकेटही बंद होतो.

चार-पाच दिवसांतच बॅटरी बसत असेल तर कुठेतरी चोरटा लोड आहे. मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून निगेटिव्ह खांब आणि काढलेली केबल यांच्या मधे जोडा. बॉनेट उघडं ठेवा, दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद झाल्यासारखं करा आणि अर्धा तास थांबा. सुरुवातीला आकडा अँपिअरमध्ये दिसला तर घाबरू नका, कॉम्प्युटर झोपले की तो खाली येतो. नंतरही ५० मिलिअँपिअरच्या वर राहिला तर एकेक फ्यूज काढत जा; ज्याने आकडा पडला त्या सर्किटवर दोष. बहुतेकदा बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम निघते, नाहीतर बूटचा न विझणारा दिवा. मीटर जोडलेला असताना इग्निशन चालू करू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. मीटरचा फ्यूज उडतो.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हे वाचावं. मोठी बॅटरी भरलेली असली तरी कुलूप, स्क्रीन आणि कॉम्प्युटर लहान १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, आणि ती बसली की गाडी जागीच होत नाही. ती सुटी करायची की नाही, ते आधी मॅन्युअलमध्ये बघा.

परत आल्यावर व्होल्टेज १२ च्या खाली दिसलं तर जंप स्टार्टची घाई नको. क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने, हवेशीर जागी रात्रभर चार्ज करा. जवळ काडी-बिडी नको, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. मग चार्जर काढून दहा-बारा तासांनी मोजा. आकडा १२.४ वर टिकत नसेल तर प्लेटांवरचं सल्फेट घट्ट झालं आहे, नवी बॅटरी घ्या.