दिवाळीसाठी किराणा दुकानात माल किती भरावा

दिवाळीचा माल मागवताना गेल्या वर्षीची विक्री तारखेवरून न पाहता तिथीवरून पाहावी. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. त्यामुळे ‘गेल्या ऑक्टोबरात बेसन किती खपले’ हा आकडा यंदा दिशाभूल करतो. दसऱ्यापासून भाऊबिजेपर्यंतची बिले वेगळी काढावीत आणि दसऱ्यानंतर कितव्या दिवशी कोणता माल गेला, याचा तक्ता करावा. सण पगारानंतर येतो की महिनाअखेरीस, याचीही त्यात नोंद असावी, कारण नोकरदार वस्तीत खरेदीचा दिवस बहुतेक त्यावरच ठरतो.

बिलांत फक्त विकलेला माल दिसतो, मागितलेला दिसत नाही. पातळ पोहे वसुबारसेलाच संपले असतील, तर पुढच्या दिवसांची शून्य विक्री म्हणजे मागणीच नव्हती, असे समजू नये. यासाठी गल्ल्याजवळ एक वही ठेवून, गिऱ्हाइकाने मागितलेला पण दुकानात नसलेला जिन्नस त्याच वेळी तिच्यात टिपावा. माझ्या मते पुढच्या वर्षीच्या खरेदीला या वहीइतका भरवशाचा आधार दुसरा नाही.

त्यानंतर प्रत्येक जिन्नस भाऊबिजेनंतर खपेल का, हा प्रश्न विचारावा. साखर, चणाडाळ, तेल पुढेही विकले जाते, म्हणून ते थोडे जास्त भरले तरी चालते, फक्त तेवढे भांडवल अडकते. उटणे, पणत्या आणि आकाशकंदील मात्र उरले की वर्षभर पडून राहतात. ते दोन-तीन हप्त्यांत मागवावेत आणि न विकलेला माल परत घेण्याबद्दल पुरवठादाराशी आधीच बोलून घ्यावे. रवा आणि मैदा नेहमी खपत असले तरी त्यांत किडे लवकर होतात, त्यामुळे जुनी पोती पुढे ठेवून तीच आधी संपवावीत.

पुढची मागणी केव्हा नोंदवायची, याचा हिशोब सोपा आहे. बेसन रोज ४० किलो जात असेल आणि माल पोहोचायला ३ दिवस लागत असतील, तर १२० किलो तेवढ्यातच संपते. त्यावर एका दिवसाची राखीव भर घालून शिल्लक १६० किलोवर येताच मागणी नोंदवावी. सणाच्या आठवड्यात रोजचा खप आणि माल येण्याचा वेळ दोन्ही वाढतात, त्यामुळे हा आकडा दसऱ्यानंतर दर दोन दिवसांनी नव्याने मांडावा.