बंद स्टुडिओच्या माळ्यावरची लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर कशी चढवायची

जुनी मॅन्युअल लेन्स घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी मोबाईल उघडतात. मी म्हणतो, आधी गावातला सगळ्यात जुना फोटो स्टुडिओ आठवा. लातूर, परभणी, नांदेड, जालना तर सोडाच, तालुक्याच्या गावातही पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या अल्बमवर चालणारा एखादा स्टुडिओ होताच. रोल गेला, डिजिटल आलं, पण जुने कॅमेरे कुणी विकले नाहीत, कारण घेणारंच कुणी नव्हतं. ते अजून माळ्यावर, लेदरच्या केसमध्ये, फ्लॅशच्या वायरींच्या गुंत्यात पडून आहेत. कॅमेऱ्याचं शटर अडकलेलं असतं, प्रकाश मोजणारा मीटर मेलेला असतो. लेन्सला मात्र ना सेल लागतो ना सर्किट. काच, धातू आणि थोडं ग्रीस, एवढाच तिचा संसार. चाळीस वर्षांनीही ती चालते.

परभणीत एका स्टुडिओवाल्या काकांना मी असंच विचारलं होतं, "काका, जुने कॅमेरे असले तर बघू का?" ते म्हणाले, "बघ की. चार-पाच हायेत वर. रोलच मिळंना, नुसते धूळ खायलेत." शिडी लावून खाली काढले त्यात एक झेनिट कॅमेरा निघाला, आणि त्याच्यावर हेलिओस लेन्स. काकांना कॅमेऱ्याची किंमत वाटत होती, मला लेन्सची. दोघांनी एकमेकांना खरं सांगितलं आणि सौदा चहावर झाला. अशा ठिकाणी वस्तू काय आहे ते लपवून पाडून मागू नका. आज काकांकडे एक कॅमेरा असतो, उद्या त्यांच्या ओळखीच्या चार स्टुडिओंचे पत्ते तेच देतात.

दुसरी जागा आठवडी बाजार. छत्रपती संभाजीनगरात छावणीचा गुरुवारचा आणि जाफर गेटचा रविवारचा बाजार, इथं भंगार आणि जुन्या सामानाच्या ढिगात कधीमधी कॅमेरा दिसतो. कधीमधीच, हे लक्षात ठेवा. रिकाम्या हातानं परत यायची तयारी असेल तरच सकाळी लवकर जा. नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबादही दूर नाही. परदेशातून मागवणार असाल तर लेन्सच्या किमतीवर टपालखर्च आणि कस्टमचा भार चढतो, तो आधीच धरा. मी तरी हातात घेऊन बघता न येणारी लेन्स आता घेत नाही. का ते पुढे येईलच.

कोणता कॅमेरा दिसला तर थांबायचं

झेनिट किंवा प्रॅक्टिका दिसला तर लेन्स बहुधा आट्यांची असते, म्हणजे नळाच्या तोटीसारखी फिरवून बसवायची. तिला एम४२ म्हणतात: ४२ मिलिमीटर व्यास, १ मिलिमीटरचे आटे. नवशिक्यानं सुरुवात इथूनच करावी, कारण हिचा अ‍ॅडॉप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारी कडी) जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यासाठी मिळतो. पेंटॅक्स के१००० (हा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता), याशिका एफएक्स-३, निकॉन एफएम२ किंवा एफएम१०, मिनोल्टा एक्स-७०० यांच्या लेन्सही चांगल्या, पण प्रत्येकाचा माउंट, म्हणजे लेन्स बसायची जागा, वेगळा आणि अ‍ॅडॉप्टरही वेगळा.

याशिका इलेक्ट्रो ३५, दोन डोळ्यांचा याशिका मॅट किंवा आग्फा क्लिक दिसला तर हात जोडून पुढे जा. त्यांच्या लेन्स निघत नाहीत. पेचकस घेऊन काढणारे महाभाग मी पाहिलेत. कॅमेरा गेला, लेन्सही कपाळावर मारायच्या लायकीची उरली नाही.

तुमच्या कॅमेऱ्यावर बसेल का, हे आधी आकड्यांत बघा

लेन्सचा माउंट आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यामधलं अंतर ठरलेलं असतं. एम४२ चं ४५.४६ मिलिमीटर. सोनीच्या ई-माउंट मिररलेसचं, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचं, फक्त १८. मधला जवळपास साडेसत्तावीस मिलिमीटरचा फरक भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अ‍ॅडॉप्टर. त्यात काच नसते, काही नसते. फुजी एक्सचं अंतर १७.७, निकॉन झेडचं १६, कॅननच्या आरएफचं २०. म्हणून मिररलेसवर जवळपास कुठलीही जुनी एसएलआर (आरशाच्या फिल्म कॅमेऱ्याची) लेन्स चालते.

आरसा असलेल्या डीएसएलआरचं गणित अवघड. कॅनन डीएसएलआरचं अंतर ४४, म्हणजे एम४२ साठी दीड मिलिमीटरची चकती पुरते. निकॉन डीएसएलआरचं ४६.५, म्हणजे एम४२ पेक्षा जास्तच. त्यावर ही लेन्स चढवली तर जवळचं फूल स्वच्छ दिसेल, पण दौलताबादचा किल्ला लांबून कधीच फोकसमध्ये येणार नाही. काच घातलेले अ‍ॅडॉप्टर येतात. त्यांनी फोटो मऊ पडतो, पैसे घालवू नका. निकॉन डीएसएलआरवाल्यांनी निकॉनच्याच जुन्या एआय किंवा एआय-एस लेन्स शोधाव्यात. मात्र डी३००० आणि डी५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांवर त्या बसल्या तरी मीटर चालत नाही, एक्स्पोजर अंदाजानं लावावं लागतं.

टॉर्च घेऊनच जा

इथं घाई करू नका. मी केली होती. पावसाळ्यातली संध्याकाळ, लाइट गेलेली, विकणारा दुकान बंद करायच्या घाईत. १३५ मिलिमीटरची लेन्स वरून चकाचक दिसली, म्हणून घेतली. घरी येऊन टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी मुळं पसरलेली. बुरशी! दोष माझाच, टॉर्च तर खिशातल्या मोबाईलमध्येच होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. दोन्ही झाकणं काढायची. अ‍ॅपर्चर (पात्यांनी लहान-मोठं होणारं, प्रकाश आत सोडणारं भोक) पूर्ण उघडायचं. मागून मोबाईलचा टॉर्च थोडा तिरका धरायचा आणि पुढून बघायचं, मग उलट. धुळीचे चार कण असतील तर दुर्लक्ष करा, फोटोत ते दिसत नाहीत. पुढच्या काचेवरची बारीक ओरखड्याची रेषही फारसं बिघडवत नाही. मागच्या काचेवरची मात्र जास्त त्रास देते. जाळी दिसली तर बुरशी. सगळीकडे धुरकट पडदा दिसला तर आतलं वंगण उडून काचेवर बसलंय, अशा लेन्सचे फोटो उन्हात फिके येतात. काचेच्या कडेला तेलासारखे इंद्रधनुषी डाग असतील तर चिकटवलेल्या दोन काचा सुटत चालल्यात. अशी लेन्स फुकट मिळाली तरच घ्या.

मग अ‍ॅपर्चरची रिंग फिरवा आणि पाती बघा. पाती कोरडी असावीत. तेलकट पाती संथ हलतात किंवा चिकटतात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या छताखाली वर्षानुवर्षं पडलेल्या लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. फोकसची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या जडपणानं फिरली पाहिजे. मध्येच अडली तर पडलेली असेल. पुढच्या कडेला पोच आहे का तेही पाहा. शेवटी कानाशी धरून हळूच हलवा. खुळखुळ नको.

काच पिवळसर दिसली तर लगेच टाकून देऊ नका. सुपर-टाकुमार ५० एफ/१.४ सारख्या काही लेन्सच्या काचेत थोरियम असतं, त्यामुळे काच वर्षांनी पिवळी पडते. अतिनील प्रकाशात ठेवली की उजळते. डिजिटलवर व्हाइट बॅलन्सनंही भागतं.

चढवणे आणि कॅमेऱ्याची समजूत काढणे

आट्यांची लेन्स आधी अ‍ॅडॉप्टरमध्ये हलक्या हातानं फिरवा. बसली की थांबा. जोर लावलात तर काढताना घाम फुटेल. अंतराचे आकडे वर येण्याऐवजी बाजूला आले तर अ‍ॅडॉप्टरच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात. ते सैल करून आतली रिंग फिरवायची आणि परत आवळायचे.

लेन्सच्या मागे एक छोटी पिन असेल तर आत कड असलेला अ‍ॅडॉप्टर घ्या. ती पिन दाबली गेल्याशिवाय पाती मिटत नाहीत. तुम्ही रिंग एफ/८ वर (लहान भोकावर) नेता आणि आत एफ/२ च (मोठं भोक) राहतं, असा घोळ होतो. काही लेन्सवर ऑटो-मॅन्युअल असं बटण असतं, ते मॅन्युअलवर ठेवलं की काम झालं. हेलिओस ४४-२ ला पिनच नाही. तिला दोन रिंगा आहेत: एकीवर अ‍ॅपर्चर ठरवायचं, दुसरीनं पूर्ण उघडून फोकस करायचं आणि मग ठरवलेल्या जागेपर्यंत मिटवायचं. पहिल्या दिवशी गोंधळ होतो, दुसऱ्या दिवशी बोटं आपोआप शिकतात. जाता जाता: रशियन लेन्सच्या अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा बनल्याचं वर्ष सांगतात. माझी ८१ ची आहे.

आता कॅमेरा सुरू केला तर तो म्हणेल, लेन्सच नाही. मेनूत 'रिलीज विदाउट लेन्स' किंवा 'शूट विदाउट लेन्स' असं काहीतरी शोधून चालू करा. कॅमेऱ्यात हाताचा कंप सावरणारं आतलं स्टॅबिलायझेशन असेल तर लेन्सची फोकल लेंथ हातानं भरा. लेन्सवर ५८ लिहिलंय तर ५८ च, क्रॉप सेन्सरचा (फिल्मपेक्षा लहान सेन्सरचा) दीडपटीचा हिशेब इथं करायचा नाही. मोड ए वर ठेवा. अ‍ॅपर्चर तुमच्या हातात, शटर कॅमेरा बघून घेतो.

फोकस

इथंच लोक आठवड्याभरात कंटाळून लेन्स परत कपाटात ठेवतात. ५८ मिलिमीटर, एफ/२, क्रॉप सेन्सर, समोरचा माणूस १ मीटरवर: अशा वेळी जेमतेम अडीच सेंटिमीटरचा पट्टा स्वच्छ येतो. डोळा साधला तर कान गेला. फोकस पीकिंगची, म्हणजे स्वच्छ भागावर कॅमेरा दाखवतो ती, रंगीत किनार मदत करते, पण उघड्या अ‍ॅपर्चरवर ती जरा फसवते. खरा भरवसा स्क्रीन मोठी करून बघण्यावर. ते मोठं करणं एखाद्या बटणावर लावून घ्या. सुरुवातीला एफ/४ किंवा ५.६ वर काढा. आणि सराव बसलेल्या माणसांवर करा. पारावर गप्पा मारणारे आजोबा उत्तम. शाळा सुटल्यावरची पोरं नंतर.

लांबचं काढताना रिंग शेवटपर्यंत फिरवून मोकळे होऊ नका. स्वस्त अ‍ॅडॉप्टर किंचित आखूड असतात, त्यामुळे शेवटच्या टोकाला लेन्स अनंताच्याही पलीकडे गेलेली असते आणि डोंगर धूसर येतो. चंद्रावर किंवा लांबच्या टॉवरवर एकदा तपासून खरी जागा कुठे आहे ते लक्षात ठेवा.

आपलं ऊन

भर दुपारी, आयएसओ १०० ला, एफ/१६ वर शटर साधारण १/१०० लागतं. तेच एफ/२ वर न्यायचं तर सहा स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट), म्हणजे १/६४००. बऱ्याच कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर १/४००० ला थांबतं, फोटो गरजेपेक्षा उजळ येतो. इलेक्ट्रॉनिक शटर लावा, नाहीतर प्रकाश आठपट कमी करणारा ४९ मिलिमीटरचा एनडी८ फिल्टर घ्या. हेलिओस ४४-२ ला तोच आकार बसतो.

जुन्या लेन्सवरचं कोटिंग साधं असतं, ऊन समोरून आलं की चित्र धुवून निघतं. रबरी हूड लावा, तो नसेल तर हाताचा आडोसा धरा. पण संध्याकाळी पाचच्या पुढे हीच खोड कामाला येते. माणसाला दोन-अडीच मीटरवर उभं करा, मागे पाच-सहा मीटरवर कडुनिंब किंवा बाभूळ, पानांतून ऊन गळतंय, आणि अ‍ॅपर्चर एफ/२. मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात. हेलिओसचं नाव याच्यावरच झालंय. क्रॉप सेन्सरवर कडा कापल्या जातात म्हणून हा भोवरा कमी दिसतो, फुल-फ्रेमवर (फिल्मएवढ्या सेन्सरवर) पूर्ण.

बीबी का मकबऱ्यासाठी ५० ची लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर अडचणीची होते, दरवाजाकडे मागे सरकत राहावं लागतं. त्यापेक्षा जाळीच्या नक्षीचे तुकडे काढा. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, तिथं एफ/१.८ किंवा एफ/२ ची जुनी लेन्स आजच्या, कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट झूमपेक्षा जास्त प्रकाश आत घेते. माळेगावच्या जत्रेत घोडे-उंटांमागे धावताना मात्र मी सरळ ऑटोफोकस लावतो. हट्ट कशाला?

अ‍ॅपर्चरचा आकडा फोटोच्या माहितीत येत नाही, तेव्हा लक्षात ठेवायचा असेल तर वहीत टिपा. मी दोन महिने टिपला, मग सोडून दिलं.

जून ते सप्टेंबर

आपल्याकडची हवा आठ महिने कोरडी, म्हणून इथल्या लेन्स कोकणातल्यांपेक्षा बऱ्या निघतात. उरलेले चार महिने जपायचे. लेदरची केस दिसायला सुंदर, पण ती ओल धरते, बुरशी तिथूनच लागते. लेन्स बाहेर काढून हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या. रंग उतरला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं. बुरशी लागलेली लेन्स मी वेगळ्या डब्यात ठेवतो, आणि साफ करायला उघडतो तो हात बसलेला मेकॅनिक, मी नाही.

माझा डबा खरं तर पापडांचा. उन्हाळी कामं सुरू झाली की आई तो दरवर्षी परत मागते, आणि मी दरवर्षी बाजारातून तिला नवा आणून देतो.